मागचं डावं चाक

४ मे. किलोमीटर ३,४१,६१६

नापास. गाडीच्या सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. या वहीत मी फक्त गाडीचं लिहितो, तेल कधी बदललं, टायर कधी चढवले, एवढंच. पण आजचा राग कुठेतरी उतरवल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

तपासणी केंद्रातली मुलगी आमच्या सातूपेक्षाही लहान असेल, आणि सातू आमची मुलगी असूनही मला शहाणपण शिकवताना जरा दबकते. ही दबकली नाही. गाडी रोलरवर घेतली, हँडब्रेक ओढला आणि काट्याकडे बघत बसली. मागचं डावं चाक, शून्य. मागचं उजवं, ब्रेक सोडला तरी धरून बसलेलं, आणि ब्रेकचे पॅड झिजून पार लोखंडाला लागलेले.

"हँडब्रेक शेवटचा कधी ओढला होता?" तिने विचारलं.

"गेल्या मे महिन्यात. तुमच्याच माणसाने, इथेच."

तिला वाटलं मी विनोद करतोय. कायानी शहराच्या उत्तरेला, इतक्या थंडीत, हँडब्रेक ओढतं कोण? उणे तीसमध्ये ओढलेला ब्रेक तसाच गोठतो, आणि मग गाडी आहे तिथेच. वडिलांनी मला गाडी शिकवताना पहिल्या दिवशी सांगितलं होतं, गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि त्या दांड्याला हात लावायचा नाही. मी पन्नास वर्षं लावला नाही.

"आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यापुरती सवय कशाला मोडायची?"

ती म्हणाली, एखादी गोष्ट वापरलीच नाही की ती आतून जाम होते, त्यात रस्त्यावरचं मीठ. महिन्याची मुदत दिली. चार जूनच्या आत दुरुस्त करून दाखवायची, नाहीतर गाडी रस्त्यावर आणायची नाही.

माझी बायको हिल्का बाकावर बसून तिथली फुकटची कॉफी पीत होती. तिने सगळं ऐकलं. परत येताना पुलावर म्हणाली, "सातूने ओउलू शहरात फ्लॅट बघून ठेवलाय. तिसरा मजला, लिफ्ट आहे, दवाखाना समोरच. दहा जूनपर्यंत हो की नाही ते कळवायचंय."

"आपल्याला घर आहे की."

"दुकान एकतीस किलोमीटरवर आहे, ओस्मो. गाडी बंद पडली की आपणही बंद."

"गाडी मी करतो."

"कर. पास झाली तर मग बोलू."

म्हणजे ठरलं. गाडी पास झाली की इथेच राहायचं. हिल्का शब्दाला पक्की आहे.

९ मे. किलोमीटर तेच

नवे पॅड तेन्होने शहरातून आणून दिले. तेन्हो दोन किलोमीटरवर राहतो, शाळेपासूनचा मित्र आहे. त्याची गाडी माझ्या गाडीपेक्षा एकवीस वर्षांनी तरुण, त्यामुळे त्याची जीभ फार सैल सुटलीय. माझी गाडी कोठारात लोखंडी घोड्यांवर चढवल्यापासून आमचं दूध आणि बटाटेसुद्धा तोच आणतो. मला ते अजिबात आवडत नाही.

चाकाच्या नटांत दोन तास गेले. नट निघाले तर चाक निघेना, शेवटी जमिनीवर बसून दोन्ही पायांनी लाथा घातल्या. मग कॅलिपर, पॅड दाबून चाक धरणारा तो चिमटा. ज्या पिनांवर तो सरकायला हवा त्या जन्मात कधी सरकल्या नसाव्यात. एक पिन हातोडीने निघाली, दुसरी गॅसने तापवून आणि शिव्या देऊन.

नवे पॅड जाड, म्हणून पिस्टन आत ढकलायला हवा. पुढच्या चाकांचं हे काम मी वीस वेळा केलंय. शिकंजा लावला, आवळला. ढिम्म. मोठा शिकंजा लावला आणि दांड्याला पाइप जोडून आवळला. आतून कट्ट असा आवाज आला. पिस्टन केसभरही हलला नव्हता.

१० मे

तेन्हो आला, वाकून बघितलं, आणि डोक्यावरची टोपी काढली. तेव्हाच मी समजलो.

"हा दाबलास?"

"मग काय ओवाळू?"

"पुढचा दाबायचा, मागचा फिरवायचा. हँडब्रेक त्याच्यातच असतो ना, आतून आट्यांवर बसलेला. फिरवत फिरवत आत न्यायचा. बरणीचं झाकण कसं लावतोस?"

"बरण्या हिल्का लावते."

"मग तिला विचारायचंस."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून हिल्काचं हसू ऐकू आलं. फेब्रुवारीपासून ती अशी हसली नव्हती. फेब्रुवारीत माझ्या छातीत जरा दुखलं, अँब्युलन्स आली, तीन दिवस ठेवून घेतलं, कुठल्याशा नळीत जाळी बसवली आणि घरी पाठवलं. एवढंच. सातू उगाच त्याचा बाऊ करते.

डावा कॅलिपर गेला. आतला स्क्रू मोडलाय.

१३ मे

उजव्या कॅलिपरची हवा काढायची निपल पाना लावताच मुळातून तुटली. आता दोन्ही नवे. तेन्होला फोन केला. तो म्हणाला, "गाडीच नवी घे." मी फोन ठेवला.

१९ मे

कॅलिपर आले. दोन खोकी, दोन कॅलिपर, चकचकीत. बाहेर काढून टेबलावर ठेवले. खोक्यांचा पुठ्ठा छान कोरडा होता, तो सौनाची, आमच्या वाफेच्या न्हाणीची, भट्टी पेटवायला घेतला. मग दुपारभर बसवाबसवी. हँडब्रेकची केबल दोन्ही बाजूंना पोचत नव्हती. तिची पट्टी पकडीने वाकवावी लागली, डाव्या बाजूला तर चांगलीच. आजकाल कोणी काही धड बनवत नाही. पण बसवले. आता फक्त ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा काढायची की झालं.

२० मे

हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली झोपून निपल उघडायची. तेन्होला बोलवणार होतो, पण हिल्का म्हणाली, "मी बसते की."

ती एकोणीस वर्षांनी ड्रायव्हरच्या सीटवर बसली. लायसन आहे तिच्याकडे, पण एकोणीस वर्षांपूर्वी फाटकातून वळवताना तिने आधीची निळी गाडी खांबाला घासली आणि नंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. खांबावर तो निळा रंग अजून आहे. मी मुद्दाम ठेवलाय, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला बरा पडतो. तेन्हो तर प्रत्येक वेळी हसतो.

"दाब," मी खालून म्हणायचं. ती दाबायची. "धर." मी निपल उघडायची, तेल नळीतून बाटलीत यायचं, मी बंद करायची. "सोड." असं चाळीस वेळा. पेडल लोण्यात पाय घातल्यासारखं मऊ ते मऊच.

मधे ती पाय मोकळे करायला उतरली. पुढची चाकंही मी काढली होती. ती एकेक चाक बघत फिरली आणि म्हणाली, "पुढची निपल वरच्या बाजूला आहे. मागची खाली कशी?"

"ती मागची आहे म्हणून."

"बरं," ती म्हणाली आणि परत जाऊन बसली.

२२ मे

अख्खी बाटली ब्रेक ऑइल संपलं. पेडल मऊ. मला आता वरच्या मुख्य सिलिंडरचा संशय येतोय. तो गेला असेल तर सगळं संपलं, चार जूनपर्यंत तो मिळायचा नाही.

हिल्काला म्हटलं, "जोरात दाब."

"जोरातच दाबतेय."

"मन लावून दाब जरा."

"मन लावूनच बसलेय, ओस्मो. एकोणीस वर्षं तुझ्या शेजारी मन लावूनच बसलेय."

याचा ब्रेकशी काय संबंध ते मला समजलं नाही. बायकांना कामाच्या मधे नको ते आठवतं.

गार सिमेंटवर पडून डावा हात बधिर झाला होता. तिला बोललो नाही, उगाच सातूला फोन गेला असता.

२४ मे

काही केलं नाही. सातूचा फोन आला. हिल्का दार लावून बोलली.

२६ मे

आज मूर्खपणाची हद्द झाली, माझ्याच.

डाव्या बाजूला खाली पडलो होतो. "दाब," म्हटलं, "धर," म्हटलं, आणि निपलकडे बघत राहिलो. निपल खाली, तेल खाली, आणि हवा कुठे असणार? वरच. कॅलिपरच्या वरच्या कोपऱ्यात आरामात बसलेली. खालच्या भोकातून ती शंभर वर्षांतही निघाली नसती. हिल्काने सहा दिवसांपूर्वी बोट दाखवून सांगितलं होतं. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे. म्हणून केबल पोचत नव्हती. खोक्यांवर लिहिलेलं असणार कुठला कुठला, आणि खोकी मी सौनात जाळली.

मला रडूच आलं. एका माणसाचे तीन आठवडे वाया, दुसऱ्याच्या पायाची वाट, आणि कारण काय तर मी. तसाच पडून राहिलो. वरून हिल्काने हाक मारली, दोनदा, तीनदा. काय उत्तर देणार होतो? थोड्या वेळाने हाकाही थांबल्या.

बाहेर आलो तेव्हा ती तशीच बसलेली. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाय पेडलवर दाबलेला. चेहरा पांढराफटक.

"अजून काय धरून बसलीस?" मी म्हणालो.

"तू सोड म्हणालाच नाहीस."

मी तिला कॅलिपरची सगळी हकीकत सांगितली, निपलबद्दल तुझं बरोबर होतं हेही सांगितलं. वाटलं, बरं वाटेल तिला. ती उतरली, गाडीचा आधार घेत दोन पावलं चालली आणि घरात निघून गेली. जेवायला माशाचं सूप माझ्यापुढे ठेवलं आणि स्वतः खिडकीपाशी बसली. मी काय केलं ते मला खरंच कळलं नाही.

२७ मे

बुधवार, म्हणून सौना. सौनात आमच्याकडे कोणी आवाज चढवत नाही, ते लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं. हिल्काने म्हणूनच तिथपर्यंत वाट बघितली असावी.

तिने दगडांवर पाणी टाकलं आणि वाफ खाली येईपर्यंत थांबली.

"फेब्रुवारीत अँब्युलन्सला पन्नास मिनिटं लागली," ती म्हणाली.

"बर्फ होता. रस्ता तसाच आहे आपला."

"ती पन्नास मिनिटं मी कुठे होते, माहीत आहे?"

"माझ्याजवळ."

"तुला आठवत नाही. तुझ्यावर पांघरूण घातलं आणि गाडीची किल्ली घेऊन अंगणात आले. गाडीत बसलेसुद्धा. चालू केली. मग फाटकाचा खांब दिसला आणि बंद केली. परत आत येऊन तुझा श्वास बघायचा, परत अंगणात जायचं. किल्ली हातातच. पन्नास मिनिटं."

मी वरच्या फळीवर बसलो होतो.

"काल तेच झालं. तू खाली गप्प आणि माझा पाय पेडलवर. पाय उचलला तर तुला खाली काही होईल की काय, ते मला माहीत नाही. फोन घरात. तू मेलास असं धरूनच चालले होते मी." तिने आणखी पाणी टाकलं. "मला ओउलू नकोय, ओस्मो. लिफ्ट नकोय. मला परत तसं उभं राहायचं नाही, बस."

मी म्हणालो, "उद्या कॅलिपर बदलतो." दुसरं काही सुचलंच नाही. लिहिताना लाज वाटतेय.

२८ मे

बदलले. पकडीने वाकवलेल्या पट्ट्या सरळ केल्या, आणि केबल आपापल्या खाचेत अशी गेली की जणू माझीच वाट बघत होती. निपल दोन्हीकडे वर.

"दाब. धर. सोड." या वेळी सोड म्हणायला मी क्षणाचाही उशीर केला नाही. काही म्हणायचं नसेल तेव्हाही मधेमधे "आहे, आहे" म्हणत राहिलो. तेराव्या वेळेला हिल्का म्हणाली, "कडक लागतंय." मी वर येऊन स्वतः दाबून बघितलं. दगड.

तेन्होला बोलावलं. हिल्काने हँडब्रेक ओढला, आम्ही दोघांनी मागून ढकललं. गाडी हलली नाही.

"दोन म्हातारे ढकलून हलली नाही," तेन्हो धापा टाकत म्हणाला, "म्हणजे ब्रेक चांगला की म्हातारे संपले, हे कसं कळायचं?"

हिल्का खिडकीतून म्हणाली, "तपासणीला गाडी मी नेणार."

अडुसष्ट किलोमीटर, समोरून लाकडांचे ट्रक, इतक्या वर्षांचा खंड. हे सगळं माझ्या तोंडापर्यंत आलं. तेन्होने फाटकाकडे बघून तोंड उघडलं, खांबाचं काहीतरी बोलणार होता. मी त्याला म्हटलं, "गप बस." मग हिल्काला विचारलं, "लायसन चालू आहे?"

"आहे. मुदत संपली की नवीन करून घेते."

"कधी?"

"तू जंगलात कामाला असायचास तेव्हा."

एकोणीस वर्षं ती ते नवीन करून घेत होती, आणि मला पत्ता नव्हता.

३० मे

हिल्काने अंगणात नऊ चकरा मारल्या, मग रस्त्याकडेच्या, दुधाचे कॅन ठेवायच्या ओट्यापर्यंत जाऊन आली. मी पायरीवर बसलो होतो. दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्यात वेलदोड्याचा पाव घातला.

२ जून. किलोमीटर ३,४१,७५२

पास.

जाताना मी हात मांडीखाली घेऊन बसलो होतो. समोरून लाकडांचा ट्रक आला तेव्हा माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. "तिथे ब्रेक नाही," हिल्का समोर बघत म्हणाली.

तीच मुलगी होती. रोलरवर चढवली, ओढला, काटा बघितला. डावं आणि उजवं जवळजवळ सारखं. "छान केलंत," ती म्हणाली. "आता उन्हाळाभर रोज ओढा. नाहीतर परत याल."

"ओढते," हिल्का म्हणाली.

आमच्या फाटकाशी ती थांबली, दोन्ही खांब नीट बघितले आणि मधून आली. दोन्हीकडे वीतभर जागा राहिली. कोठारापुढच्या उतारावर गाडी लावली, हँडब्रेक ओढला. माझा हात सवयीने गिअरकडे गेला. तिने तो उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

"मग राहायचं," मी म्हणालो.

"मी बोलू म्हटलं होतं. राहू नव्हतं म्हटलं."

वहीत मागे जाऊन बघितलं. तसंच लिहिलंय. माझ्याच हाताने.

"मग बोल."

"मंगळवारी आणि शुक्रवारी दुकानाला मी जाणार. एकटी. हिवाळ्यातही. तू बरोबर असलास तर रस्त्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. आणि छातीत, हातात, कुठेही काही झालं तर मला त्याच मिनिटाला सांगायचं."

बावीस तारखेला हात बधिर झाला होता ते मी तिला सांगितलं. तिने माझा डावा हात धरून बघितला. मग म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे. मी नेते." आणि उतरता उतरता, "सातूला कळवते. यंदा नाही म्हणून."

यंदा हा शब्द मला टोचला. पण फ्लॅट गेला.

५ जून. किलोमीटर ३,४१,९७६

परवा डॉक्टरकडे जाऊन आलो. हाताला काही नाही म्हणाले, सिमेंटचा प्रताप. गोळी मात्र एक वाढवली.

आज शुक्रवार. हिल्का दहाला एकटी दुकानाला गेली. बाराला यायला हवी होती.

बारा वाजता मी अंगणात आलो. सव्वाबाराला तिला फोन लावला, तो स्वयंपाकघरातल्या टेबलावरच वाजला. साडेबाराला रस्त्यापर्यंत जाऊन आलो. डाव्या चाकाच्या पिना मला आठवायला लागल्या, मी त्या नीट आवळल्या होत्या का, किती आवळल्या होत्या. आवळल्या होत्या. मी दोनदा बघितलं होतं. परत घरात गेलो, परत बाहेर आलो. तेन्होची गाडी मागायला निघणार होतो, पण मी निघालो आणि ती आली तर? नुसतं उभं राहवेना म्हणून कोठारातला तारेचा ब्रश आणला, कॅलिपर घासायला घेतला होता तो, आणि फाटकाचा खांब घासायला लागलो. निळा रंग लाकडात चांगला मुरला होता, पण निघाला.

बाराला दहा मिनिटं कमी पन्नास... नाही, नीट लिहितो. एकाला दहा कमी असताना गाडी वळणावर दिसली.

"लेंपीकडे कॉफीला थांबले होते," हिल्का पिशव्या काढत म्हणाली. लेंपी म्हणजे तिची शाळेतली मैत्रीण, दुकानापलीकडे बारा किलोमीटरवर राहते. "पहिल्यांदा निवांत बसले. बाहेर तू हॉर्न वाजवत नव्हतास."

मी म्हणालो, बरं केलंस.

तिने खांबाकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या ब्रशकडे. "किती वेळ उभा आहेस इथे?"

"बारापासून."

तिने मनात हिशोब केला असावा, कारण पिशवी खाली ठेवली आणि माझ्याजवळ आली. माझ्या हातातला ब्रश तिने काढून घेतला. नंतर ती आत गेल्यावर मी गाडीत डोकावून बघितलं, हँडब्रेक ओढलेला होता.

पन्नास मिनिटं फार असतात.